पिकेम दरवेळी गंडतंय? आधी फॉरमॅट वाचा, टीम मग बघा (या चुका टाळा)

ई-स्पोर्ट्सची, म्हणजे व्हिडिओ गेमची, मोठी टूर्नामेंट लागली की आपल्याकडं बेळगावात, टिळकवाडीपासून पार खानापूर निपाणीपर्यंत, प्रत्येक ग्रुपवर एकच विषय, कोण जिंकणार सांग. मग जो तो टीमचीच कुंडली मांडून बसतो, ह्यांचा स्नायपर फॉर्मात आहे, त्यांचा कॅप्टन बदललाय, ते बूटकॅम्पला, म्हणजे सराव शिबिराला, गेलेले. सगळं खरं असतं हो, तरी पिकेममध्ये, म्हणजे कोण जिंकणार ते आधी निवडून ठेवायच्या खेळात, पहिल्या दोन दिवसांत निम्मे पिक लाल, म्हणजे चुकलेले असतात. कारण मॅच किती मॅपची (मॅप म्हणजे गेममधलं मैदान) आहे, किती हरल्यावर टीम बाहेर जाते, कोण कुणाच्या समोर येऊ शकतं, हे कुणी उघडून बघितलेलंच नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बेस्ट ऑफ वन (एकाच मॅपची मॅच) आणि बेस्ट ऑफ थ्री (तिनातले दोन मॅप जिंकायचे) एकाच तराजूत तोलणं. समजा एक टीम सरस आहे आणि कुठल्याही एका मॅपवर ती जिंकायची शक्यता ६० टक्के. एकच मॅप असेल तर ६० म्हणजे ६०च. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये तीच शक्यता ६५च्या जवळ जाते आणि बेस्ट ऑफ फाईव्हमध्ये ६८. म्हणजे पाच मॅपची फायनल ठेवली तरी तिनातली जवळजवळ एक मॅच कमजोर टीम मारणार, आणि आपण मात्र ग्रुपवर "डोळे झाकून हीच" लिहून मोकळे होतो. एका मॅपची मॅच म्हणजे जत्रेतली निकाली कुस्ती, एक डाव बसला की पाठ मातीला, मग वर्षभर किती जोर मारलेत ते कोण विचारतंय. त्यात काउंटर स्ट्राईक २ ह्या बंदुकांच्या गेममध्ये आता १३ राऊंड जिंकले की मॅप संपतो, पूर्वी १६ लागायचे, त्यामुळं पिस्तूल राऊंड (नुसत्या पिस्तुलांवर खेळायचा) गेला आणि गेममध्ये बंदुका घ्यायच्या पैशाचं गणित बिघडलं तर सावरायला जागा पण कमी.

आता मेजरच्या, म्हणजे काउंटर स्ट्राईकच्या सगळ्यात मोठ्या टूर्नामेंटच्या, स्विस फॉरमॅटचं बघू, इथं तर लोक हमखास आपटतात. १६ टीम, सारख्या हार-जीतवाल्या एकमेकांसमोर, तीन मॅच जिंकल्या की पुढं, तीन हरल्या की घरी. त्यातल्या बरोबर दोन टीम ३-० जातात, दोन ०-३ जातात, आणि पिकेममध्ये तुम्हाला ह्या चार ओळखायच्या असतात, शिवाय ३-१ किंवा ३-२ नं वर जाणाऱ्या सहा. दहातले पाच बरोबर आले की ते चॅलेंज पार. आता गंमत बघा, एखादी टीम प्रत्येक मॅचला ६५ टक्के फेव्हरेट धरली तर ती पुढं जायची शक्यता ७६ टक्के येते, पण एकही न हरता ३-० जायची फक्त २७. आपण काय करतो, ७६वाला भरवसा २७च्या चौकटीत नेऊन टाकतो आणि मग बोंब मारतो की टीम चोक झाली, म्हणजे दडपणात ढेपाळली. टीम कुठं चोक झाली, ती ३-१ नं वर गेली की, तुम्ही चौकट चुकवलीत. त्यामुळं ३-० आणि ०-३ चे चार पिक म्हणजे लागला तर लागला असंच समजायचं, डोकं घालायचं ते मधल्या सहात.

आणखी एक, ३-० साठी ज्या दोन टीम टाकल्यात त्या आपसात भिडू शकतात का ते बघा. पहिल्या फेरीच्या जोड्या सीडिंगवर, म्हणजे आधी ठरलेल्या क्रमवारीवर, लागतात, पहिला नववीशी, दुसरा दहावीशी असं, आणि २-० वाल्या चार टीम तिसऱ्या फेरीत एकमेकांसमोरच येतात. तिथं तुमच्या दोन्ही टीमची जोडी लागली की एक पिक गेलाच म्हणून समजा.

०-३ ला तर लोक ज्या टीमचं नाव कधी ऐकलं नाही ती टाकतात. हे काय लॉजिक झालं? द मंगोल्झ ही मंगोलियाची टीम २०२५ च्या ऑस्टिन मेजरच्या फायनलपर्यंत गेली आणि व्हायटॅलिटीकडं २-१ नं हरली, आणि सुरवातीच्या काळात त्यांना ०-३ ला टाकणारे आपल्याच ग्रुपात होते. उलट बाजूला फेझ ही नावाजलेली टीम. २०२२ च्या मे महिन्यात अँटवर्पची मेजर जिंकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रिओमध्ये तीनच्या तीन हरून बाहेर, ती मेजर आउटसायडर्स नावाच्या टीमनं नेली. लीग ऑफ लेजंड्स गेमवाल्यांनी डीआरएक्स ही टीम आठवावी, २०२२ ला कोरियाची चौथी सीड, प्ले-इनमधून, म्हणजे पात्रता फेरीतून, सुरवात, आणि शेवटी टी वनला ३-२ नं हरवून वर्ल्ड चॅम्पियन. नावाला बघून पिक टाकणाऱ्यांचं त्या वर्षी काय झालं असेल सांगायला नको.

मॅपची टक्केवारी वाचताना पण घोळ होतो. स्टॅट्सच्या पानावर दिसतं की अमुक टीम न्यूक ह्या मॅपवर दहातल्या आठ जिंकते, लगेच पिक. पण समोरची टीम न्यूक दरवेळी पहिल्यांदाच बॅन करत (बाद ठरवत) असेल तर तो मॅप खेळला जाणारच नाही, ते ८० टक्के घेऊन करायचं काय? बेस्ट ऑफ थ्रीचा व्हेटो, म्हणजे मॅप ठरवायची पद्धत, असा, सात मॅप, दोघांचा एकेक बॅन, मग एकेक पिक, मग परत एकेक बॅन, उरला तो डिसायडर, म्हणजे तिसरा मॅप. एका कागदावर दोन्ही टीमचा कायमचा बॅन कुठला आणि आवडीचा पिक कुठला एवढं लिहा, बहुतेक वेळा कुठले तीन मॅप येणार ते समोर दिसतं. मग त्या तिघांचेच आकडे बघा, बाकीचे सोडून द्या. आमच्यात ह्याला कंटाळा करणारे जास्त, "एवढं कोण बघत बसणार गा" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी नशिबाला शिव्या.

जुना हेड टू हेड (आपसातल्या मॅचचा रेकॉर्ड) बघताना तेव्हाचे पाच जण आणि आत्ताचे पाच जण तेच आहेत का एवढं तपासा. दोघं बदलले असतील तर तो रेकॉर्ड दुसऱ्याच टीमचा आहे. व्हिसा अडकला आणि स्टँड-इन, म्हणजे बदली खेळाडू, खेळतोय का, हे पण पिक लॉक व्हायच्या आधी एकदा बघायचं. डोटा, लोल (लीग ऑफ लेजंड्स), व्हॅलोरंट ह्या गेममध्ये पॅच (गेममधला बदल) नवीन आला असेल तर मागच्या महिन्याचा फॉर्म अर्धाच धरा.

आता बीजीएमआय, हा मोबाईलवरचा लढाईचा गेम, कारण आपल्या भागात गल्लीगल्लीत तेच चालतं. इथं सगळ्यात मोठी चूक म्हणजे ह्याला दोन टीमची मॅच समजणं. लॉबीत, म्हणजे एका मॅचमध्ये, १६ टीम असतात. पहिल्या नंबरला १० पॉइंट, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २ आणि सातव्या आठव्याला एकेक, वर प्रत्येक फिनिशचा (समोरचा एक खेळाडू मारल्याचा) १. म्हणजे चिकन डिनर (पहिला नंबर) घेतलेल्या टीमनं दोनच फिनिश मारले तर १२ पॉइंट, आणि दुसऱ्या नंबरची टीम नऊ फिनिश घेऊन आली तर १५. म्हणून किती डिनर घेतले ते मोजून चॅम्पियन सांगायला जाऊ नका, सरासरी फिनिश आणि टॉप आठमध्ये किती वेळा राहिली ते बघा. आणि एकच टीम ठामपणे सांगायच्या नादाला तर लागूच नका, बीजीआयएस ही बीजीएमआयची मोठी टूर्नामेंट २०२१ ला स्कायलाईट्झनं जिंकली, २०२३ ला ग्लॅडिएटर्सनं, २०२४ ला एक्सस्पार्कनं, दरवेळी नवा मालक. ग्रुपात पैज लावायचीच तर "पहिल्या पाचात कोण कोण" अशी लावा. सोल किंवा गॉडलाईकचे फॅन असाल तर त्या टीमचा अंदाज दुसऱ्याला करायला सांगा, स्वतःच्या टीमबद्दल कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

पिक सेव्ह झाले नाहीत अशी तक्रार दरवेळी येते. बहुतेकदा ॲपचा दोष नसतो, स्टेजची पहिली मॅच सुरू झाली की पिक लॉक होतात आणि वेळ तिथली असते. ऑस्टिनला उन्हाळ्यात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच, शांघाय उलट आपल्या अडीच तास पुढं. आदल्या रात्री जेवण झाल्यावर भरून टाका, ऐनवेळी लाईट जाते ती वेगळी.

पैशाचं म्हणाल तर लांब राहा. २०२५ च्या ऑगस्टमधल्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्यात मान्यता आहे. टेलिग्रामवर "फिक्स मॅच, शंभर टक्के" म्हणून मेसेज येतात ते तर सरळ ब्लॉक करा. हरलेल्यानं कुंदा आणायचा, इथपर्यंत ठीक.

शेवटची चूक, हिशोब न ठेवणं. जिंकलेले पिक सगळ्यांना पाठ असतात, हरलेले कुणालाच नाहीत. वहीत टीमच्या नावापुढं टक्के लिहा, ७० म्हटलं आणि टीम जिंकली तर राहिलेला फरक ०.३, त्याचा वर्ग ०.०९ हा दंड. हरली तर ०.७ चा वर्ग, ०.४९. ९० म्हणून हरलात तर ०.८१. नुसतं ५०-५० म्हणणाऱ्याला दरवेळी ०.२५ बसतो, म्हणजे तुमची सरासरी त्याच्या वर गेली तर तुमच्यापेक्षा तो ५०-५० म्हणणारा बरा. एक अख्खी मेजर असं लिहून बघा, ग्रुपातला सगळ्यात मोठ्यानं बोलणारा बहुतेक तळाला सापडतो.