फॉर्म्युला भारतला गाडी न्यायच्या आधी नोजचं काय काय झालेलं हवं

नवीन बॅचच्या पोरापोरींनो, फॉर्म्युला भारतला, म्हणजे कॉलेजच्या टीमनी स्वतः बनवलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेला, कोईम्बतूरला कारी स्पीडवेवर गाडी उतरवायच्या आधी नोजचं, म्हणजे गाडीच्या पुढच्या तोंडाचं, काय काय झालेलं असायला हवं ते एकदाच लिहून ठेवतोय, कारण दरवर्षी कोणीतरी एफवनचे फोटो समोर ठेवून आधी शेप काढायला बसतं आणि मग त्या शेपमध्ये बाकीचं सगळं कोंबायची मारामारी होते. शेप सगळ्यात शेवटी.

पहिलं म्हणजे या वर्षीचं रूलबुक डाउनलोड करून प्रिंट मारा, ग्रुपवर फिरणारी जुनी पीडीएफ नको, मी इथे देतोय ते आकडेसुद्धा त्यात ताडून बघा. मग फ्रंट बल्कहेड, म्हणजे सांगाड्याची सगळ्यात पुढची चौकट, फायनल करा. तपासणीत ३५० बाय ३५० एमएमचं टेम्प्लेट (मापाचा साचा) पेडलच्या मागे १०० एमएमपर्यंत आत जायलाच लागतं, त्यामुळे आपल्या गाडीचं तोंड एफवनसारखं निमुळतं होत नाही, हे एरोवाल्यांना (विंग आणि हवेचं काम बघणाऱ्यांना) आजच सांगून टाका, रुसले तर रुसू देत.

मग इम्पॅक्ट अटेन्युएटर, म्हणजे बल्कहेडच्या पुढे बसणारा, धडकेत स्वतः चेपून धक्का पचवणारा ठोकळा, इथे मात्र घाई नको. हिशोब असा की ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटरने भिंतीवर आदळली तर ७३५० ज्यूल ऊर्जा पचवायची, तीही सरासरी २० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २० पट मंदन) आणि पीक ४० जीच्या आत राहून. २० जीने थांबायचं म्हटलं तरी साधारण १२५ एमएम अंतर लागतंच, आणि फोम काय शेवटपर्यंत चेपत नाही, एका जाडीनंतर दगड होतो, त्यामुळे किमान २०० लांब, २०० रुंद, १०० उंच या अटीतून काही वाचवायला जाऊ नका. पहिल्यांदा जाणाऱ्या टीमने माझं ऐकाल तर सरळ स्टँडर्ड अटेन्युएटर (रूलबुकने आधीच मान्य केलेला फोमचा) घ्यावा, पण तो फोम बाहेरून मागवायला लागतो तर ऑर्डर आधी टाका, कस्टम्समध्ये अडकला की कोणाच्या ओळखीने सुटत नाही. स्वतःचा बनवणार असाल तर अॅल्युमिनियम हनीकोंब चांगलं, आणि सिव्हिलच्या लॅबमधल्या यूटीएमची (दाबून ताकद मोजायच्या मशीनची) तारीख आत्ताच मागून ठेवा. अटेन्युएटरच्या मागची अँटी-इंट्रूजन प्लेट (तो आत पायांकडे घुसू नये म्हणून लावतात ती) स्टीलची १.५ एमएम नाहीतर अॅल्युमिनियमची ४ एमएम, भोसरीत लेझर कटिंगला एका दिवसात होते. टेस्टमध्ये ती प्लेट कायमची २५ एमएमच्या वर वाकायला नको, आणि तिच्यामागे ५० एमएम मोकळी जागा ठेवून टेस्ट करायची, थेट जाडजूड बेडवर ठेवून दाबलं तर रिपोर्ट परत येणार. टेस्टच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काढलेत ना ते तिथेच बघा.

फ्रंट विंगचे माउंट बल्कहेडच्या पुढे येत असतील तर ते अटेन्युएटर चेपायच्या आधी मोडले पाहिजेत. ३०० किलोला ४० जी म्हणजे जवळपास ११८ किलोन्यूटन, अटेन्युएटरचा पीक आणि माउंट तुटायचा फोर्स मिळून याच्या आत बसतोय ना, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. एरोवाल्यांना दणकट माउंट हवा असतो आणि सेफ्टीवाल्यांना कच्चा, हे भांडण सीझनच्या सुरुवातीलाच मिटवा.

आता शेप. ऑटोक्रॉसच्या (वळणावळणाच्या छोट्या ट्रॅकच्या) स्पीडला नोजच्या ड्रॅगसाठी रात्र रात्र सीएफडी (कॉम्प्युटरवर हवेचं सिम्युलेशन) चालवण्यात अर्थ नाही, खरी कमाई नोजखालून अंडरट्रेकडे (गाडीखालच्या एरो तळाकडे) किती स्वच्छ हवा जाते त्यात आहे, तेवढी खालची उंची सांभाळा. विंग पुढच्या टायरपासून ७०० एमएमच्या पुढे नको, टायरसमोर येणारा भाग जमिनीपासून २५० च्या खाली. नोजच्या पुढच्या सगळ्या कडांना ३८ एमएम त्रिज्या हवी, वर खाली बाजूला सगळीकडे. त्यासाठी अॅक्रिलिकचा गेज कापून घ्या, ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप लावून बघू नका, त्याची त्रिज्या ३७.५ भरते. मोल्डमध्येच ही त्रिज्या थोडी जास्त द्या, सँडिंग करताना कोपरे हमखास खाल्ले जातात.

डिझाइन इव्हेंटला (गाडी अशी का बनवली हे समजावून सांगायच्या फेरीत) जज असा शेप का हे विचारणारच, तर एफवनचे २०१४ चे नोजचे नियम नीट वाचून जा. २०१० ला व्हॅलेन्सियाच्या शर्यतीत वेबरची गाडी पुढच्या कोवालाइनेनच्या गाडीला मागून धडकून हवेत उडाली तशा, आणि बाजूने आदळणाऱ्या अपघातांचा धोका बघून नोज खाली आणत गेले, २०१२ ला ५५० एमएम, २०१४ ला टोक १८५ वर. पण टोकापासून ५० एमएम मागे ९००० चौरस एमएमचा एक छेद एवढीच अट, मग टीम्सनी पुढे नुसतं बोटासारखं टोक लावलं आणि मागच्या उंच नोजखालून हवा सोडायची जागा तशीच राखली, लोटसने तर कमी-जास्त लांबीचे दोन सुळे काढले. दिसायला भयाण, पण नियम असा वाचायचा असतो.

राहिलं पॅकिंग. नोज गाडीवर लावून ट्रकमध्ये चढवू नका, वेगळा गुंडाळा. फास्टनर डबल घ्या, दोघांनी दोन मिनिटांत नोज काढून दाखवायची प्रॅक्टिस करा कारण स्क्रूटिनीअर (गाडी तपासणारा अधिकारी) प्लेट उघडी बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि टेस्ट केलेला चेपलेला तुकडा रिपोर्टच्या प्रिंटसोबत त्याच खोक्यात टाका.