मुरानोच्या भट्टीत आपलं डिझाईन घेऊन जाताना

पहिल्यांदा मुरानोला, व्हेनिसजवळच्या काचकामाच्या बेटावर, गेले तेव्हा माझ्या पिशवीत सहा ड्रॉइंगं होती, मिलिमीटरपर्यंत मापं टाकलेली. पुण्यात तांबट आळीतल्या कारागिरांबरोबर दहा वर्षं काम केलेलं, त्यामुळे कारागिराशी कसं बोलायचं ते आपल्याला येतं, असा माझा समज. भट्टीच्या मास्तरांनी, म्हणजे मायेस्त्रोंनी, कागद चाळले, खडू घेतला आणि फरशीवर माझी फुलदाणी खऱ्या मापात काढली. नुसती बाहेरची रेघ. मग वळून विचारलं, "पेझो?" वजन किती? ते मी ठरवलंच नव्हतं.

तेव्हा तयारी इथूनच करा. खऱ्या मापाची एकच आकृती न्या आणि वस्तू हातात घेतल्यावर किती जड लागायला हवी ते ठरवून जा. वजनावरून भट्टीतून किती काच उचलायची ते ठरतं, त्यावरून भिंतीची जाडी, आणि जाडीवरून पुढचं सगळं. रंगाचं कार्ड नेऊ नका. तापलेली काच नारिंगी दिसते, खरा रंग निवल्यावरच कळतो. शिवाय प्रत्येक काच निवताना सारखी आक्रसत नाही. न जुळणाऱ्या दोन काचा जोडल्या तर तडकतात. त्या भट्टीत ज्या रंगीत कांड्या असतील त्यांतूनच निवडा.

भट्टीत जायच्या आधी एक दिवस मुरानोच्या काचेच्या संग्रहालयात घालवा, आणि व्हेनिसच्या सान जॉर्जो बेटावर 'ले स्तान्त्से देल वेत्रो' या काचेच्या प्रदर्शन-दालनात काही चालू असेल तर तेही बघा. नुसत्या वस्तू बघू नका, कोणी कोणाबरोबर केलं ते शोधा. १९२१ मध्ये मिलानचा एक वकील, पाओलो वेनीनी, आणि जाकोमो कापेल्लीन हा जुन्या वस्तूंचा व्यापारी, यांनी मिळून भट्टी काढली आणि कलेची बाजू वित्तोरियो झेक्कीन या चित्रकाराकडे दिली. तिघांतला एकही फुंकणी धरणारा नव्हता. पुढे वेनीनींकडे शिल्पकार मार्तिनुत्सी आले, मग वास्तुकार कार्लो स्कार्पा. स्कार्पांची काच म्हणून आपण जी बघतो ती घडवणाऱ्या हातांपैकी एक होते 'बोबोली' या टोपणनावाचे मायेस्त्रो. पाटीवर त्यांचं नाव क्वचित दिसतं. मला हे खटकतं, आणि त्याबद्दल पुढे सांगतेच.

'फात्सोलेत्तो' मात्र नीट बघा. फुल्वियो बियांकोनी मुळात ग्राफिक कलाकार. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि वेनीनींनी हा हातरुमालासारखा वाडगा केला. मऊ काचेचा उघडलेला पत्रा स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि चुण्या पडतात. कागदावर प्रमाण सांगता येतं, चुणी सांगता येत नाही. तुमच्या डिझाईनमध्येही काचेने स्वतः करायचं असं काहीतरी राहू द्या.

भट्टीत सकाळी लवकर पोचा. काच रात्रभर वितळत असते आणि काम पहाटेपासून चालतं. व्हेनिसच्या फोंदामेंते नोव्हे धक्क्यावरून ४.१ क्रमांकाची बोट पकडा, मुरानोच्या कोलोन्ना थांब्यावर उतरा. ऑगस्टमध्ये बऱ्याच भट्ट्या बंद असतात, तेव्हा जाऊ नका.

काम करणाऱ्या टोळीला 'पियात्सा' म्हणतात: बाकावर मायेस्त्रो, मदतीला सेर्वेंते आणि सेर्वेंतीनो, धावपळीला गार्झोने. भट्टी आणि बाक यांच्या मधल्या वाटेत उभं राहायचं नाही. काय सांगायचं ते फुंकणीवर काच यायच्या आधी सांगा. एकदा काच आली की मायेस्त्रो स्वतः तुमच्याकडे बघेपर्यंत गप्प. मी पहिल्या दिवशी मध्येच "थोडं उंच" म्हणाले. कोणी काही बोललं नाही, पण गार्झोने हसू दाबत होता. पहिले दोन-तीन नग वाया जाणार हे धरूनच पैशांचं बोलणं करा. दिवसाचे तास ठरवलेले बरे, नगावर भाव ठरवला की सगळे जपून काम करतात.

माझी मोठी चूक मात्र वेगळीच होती. स्कार्पांनी १९४०च्या सुमारास 'बात्तुतो' काच केली. बात्तुतो म्हणजे ठोकलेलं, आणि ती दिसतेही अगदी आपल्या मठारकामासारखी, हातोडीने ठोके दिलेल्या तांब्याच्या हंड्यासारखी. मला वाटलं, हे गरम असतानाच होत असणार. तसं नाही. काच पूर्ण निवल्यावर दगडी चाकावर एकेक खाच घासून काढतात, आणि ते करणारा माणूस वेगळा, त्याची जागाही वेगळी: मोलेरिया. मी पातळ भिंतीची फुलदाणी फुंकून घेतली होती. घासणाऱ्या मास्तरांनी ती नखाने वाजवली आणि परत केली. तिला खाचा सोसणारच नव्हत्या.

म्हणून वरून घासकाम हवं असेल तर भट्टीत जायच्या आधी मोलेरियात जा. काच किती जाड हवी हे तेच सांगतील. दुसऱ्या वेळी मी तांबट आळीतल्या एका हंड्याचा फोटो नेला. मास्तरांनी ठोक्यांच्या ओळी बोटाने मोजल्या, कुठला ठोका आधी पडला असेल ते ओळखलं आणि "याचा हात उजवीकडे झुकतो" म्हणाले. त्या कारागिराला मी ओळखते. झुकतो खरा.

परतीचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचं काढू नका. घडलेली वस्तू सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या निववायच्या कोठीत जाते आणि तिथून हळूहळू निवते. जाड काचेला दिवस लागतात, आणि नंतर चाकावरचे तास वेगळे.

राहिली सही. योइची ओहिरा हे जपानी कलाकार व्हेनिसमध्ये राहून काम करत, आणि आपल्या नावाशेजारी लिव्हियो सेरेना या मायेस्त्रोंचंही नाव कोरत. हे आधीच ठरवून घ्या, मागाहून विचारलं तर भीड पडते. माझ्या दुसऱ्या फुलदाणीच्या तळाशी मायेस्त्रो, घासणारे मास्तर आणि मी अशी तिघांची नावं आहेत. जागा पुरेना, म्हणून माझी नुसती आद्याक्षरं आली.