संग्रहालयाची वेबसाइट कानांनी वाचताना

कोल्हापुरातल्या एखाद्या संग्रहालयाची, वाचनालयाची किंवा गायन समाजाची वेबसाइट सगळ्यांना वापरता येईल अशी करायचं काम पहिल्यांदाच हाती आलं, तर रंग-बटणं राहू द्यात. आधी फॉन्ट बघा. जुना मजकूर बहुतेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मग नुसता बरळतो. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं खरोखर मराठी म्हणून साठवणाऱ्या पद्धतीत, करून घ्या आणि ओळन्‌ओळ तपासा. चुका ठरलेल्या जागी निघतात: ‘शिल्प’ची वेलांटी, ‘मूर्ती’चा रफार, ‘दुसऱ्या’तला ऱ्य. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवायला विसरलात, तर इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो.

नंतर चित्रं. इथे वेळ सर्वांत जास्त जातो, आणि जायलाच हवा. टाऊन हॉल संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन काशाची मूर्ती आहे. तिच्या फोटोला ‘मूर्ती १’ एवढाच पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) दिला, तर तो न दिल्यासारखाच. कोण, कशाची, केवढी, हातांची ठेवण कशी, झीज कुठे, हे दोन वाक्यांत यावं. ते प्रोग्रॅमरने नव्हे, क्युरेटरने लिहावं. महिरपीसारख्या निव्वळ सजावटीला पर्यायी मजकूर रिकामा ठेवा, पण ठेवा. कोडमधून तो गुणधर्मच (alt) गाळला तर काही रीडर फाइलचं नाव वाचत सुटतात.

कार्यक्रमपत्रिका स्कॅन करून पीडीएफ टाकणं हा आपल्याकडचा लाडका आळस. स्क्रीन रीडरला ते नुसतं चित्र. तारीख, वेळ, सभागृह पानावरच टाइप करा.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा. पांढऱ्यावर ७७७७७७ या कोडचा राखाडी रंग ४.४८ वर अडतो, ७६७६७६ निभावतो. ओळींमधलं अंतर १.५ पट ठेवा, नाहीतर उकार आणि मात्रा एकमेकांत घुसतात. अक्षरांमध्ये जागा वाढवलीत तर शिरोरेषा तुटते.

मग माउस काढून ठेवा आणि फक्त टॅबने मेनूपासून तिकिटापर्यंत जाऊन बघा. नुसत्या माउस नेण्यावर उघडणारा मेनू इथेच पकडला जातो. ‘दिसायला बरं नाही’ म्हणून डिझायनरने फोकसची चौकट, म्हणजे टॅब आत्ता कुठे आहे ते दाखवणारी रेघ, काढलेली असते. ती परत आणा. आपोआप तपासणाऱ्या साधनाने १०० गुण दिले तरी मोफत मिळणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर एकदा ऐकाच. शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीला मानधन देऊन बोलवा. ती अडखळेल तिथे मध्ये बोलू नका, नोंद करा.

‘भेट द्या’ पानावर पायऱ्या किती, रॅम्प आहे का, असला तर कुठल्या दाराशी, हे प्रत्यक्ष जाऊन, मोजून लिहा.