घरातला राग आणि याकोबाचं पत्र : चार आठवड्यांचा अभ्यास

‘प्रभू, मला सहनशीलता दे’ अशी प्रार्थना करून उठायचं आणि अर्ध्या तासानं डबा भरताना मुलावर ओरडायचं, हे पुष्कळ घरांत रोज घडतं. मग वाटतं, प्रार्थना ऐकली गेली नाही. बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय इथे नीट वाचावा. परीक्षा आणि धीर यांबद्दल बोलून झाल्यावर पाचव्या वचनात तो म्हणतो, ज्याला ज्ञान उणं आहे त्यानं देवाकडे मागावं. देव ते उदारपणे देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही. म्हणजे तापलेल्या क्षणी मागायची गोष्ट अगदी नेमकी आहे : या माणसाशी, आत्ता, मी काय बोलू? सहनशीलता मनात आपोआप उतरेल म्हणून वाट पाहत बसलं तर ती येत नाही. समोरच्याचं बोलणं संपतं आणि आपलं सुरू होतं, त्यामधल्या चार-पाच सेकंदांत ती करावी लागते.

या अभ्यासाला लागतं थोडंच. बायबल, एक चाळीस पानी वही, पेन्सिल आणि रोजची पंधरा मिनिटं. वेळ रोज एकच ठेवा. शक्यतो घर उठायच्या आधीची, कारण रात्रीची वेळ झोप खाऊन टाकते. सुरुवातीलाच एका माणसाचं नाव ठरवा : नवरा, बायको, सासूबाई, थोरला मुलगा, जो कोणी तुमच्या रागाचा नेहमीचा धनी असेल तो. सगळ्यांशीच चांगलं वागायचं ठरवलं की तिसऱ्या दिवशी अभ्यास सुटतो. नाव वहीत लिहू नका, मनात असू द्या.

पहिल्या रविवारी पूर्ण पत्र एका बैठकीत मोठ्यानं वाचा. पाच अध्याय, 108 वचनं; सावकाश वाचलं तरी अर्ध्या तासात होतं. त्यानंतर आठवड्याला एकच उतारा घ्यायचा आणि तोच सातही दिवस वाचायचा. रोज नवा उतारा वाचल्यानं पुष्कळ वाचल्याचं समाधान मिळतं, पण भांडणाच्या वेळी त्यातलं एकही वाक्य आठवत नाही.

पहिला आठवडा : 1:19-27

या आठवड्यात सुधारायचं काहीच नाही, फक्त लिहायचं. एकोणिसाव्या वचनाचा गाभा असा : ऐकायला चपळ, बोलायला सावकाश, रागवायला सावकाश. तुमच्या बायबलात जे शब्द असतील तेच पाठ करा, जेवायच्या टेबलाशी किंवा ओट्याजवळ चिकटवून ठेवा. पुढे तेविसाव्या-चोविसाव्या वचनांत आरशात तोंड पाहून लगेच आपलं रूप विसरणारा माणूस येतो. वही हा आपला आरसा.

आवाज चढला की त्याच दिवशी एक ओळ लिहा. त्यात तीनच गोष्टी : वेळ, त्याआधी काय चाललं होतं, आणि तुम्ही उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं. उदाहरणार्थ : ‘संध्याकाळी 7:20. कामावरून आले, चहा झाला नव्हता. – दहादा सांगावं लागतं तुला!’ ‘मी जरा रागावले’ असं गोळाबेरीज लिहू नका. वाक्य लिहिताना हात अडखळतो, आणि अडखळू द्यावा.

समोरचा काय बोलला ते मात्र लिहायचं नाही. 1 करिंथकरांस 13:5 मध्ये प्रीती वाइटाची नोंद ठेवत नाही असं म्हटलं आहे, आणि तिथला मूळ ग्रीक शब्द हिशेब मांडण्याचा आहे. वहीत दुसऱ्याची वाक्यं जमा होऊ लागली की तीच पुढच्या भांडणात पुरावा म्हणून बाहेर येतात.

सातव्या दिवशी ओळी एकाखाली एक वाचा. बहुतेकांना दोन-तीनच वेळा वारंवार दिसतात : शाळेची रिक्षा यायच्या आधीची वीस मिनिटं, कामावरून घरी पोचल्यावरचा पहिला अर्धा तास, गृहपाठ. भूक, थकवा आणि घाई यांचा वाटा लक्षात आला की काही गोष्टी प्रार्थनेबरोबरच व्यवस्थेनंही सुटतात. डबा रात्री अर्धा तयार करावा. घरी आल्यावर आधी पाणी पिऊन, काहीतरी खाऊन मगच गृहपाठाकडे वळावं. यात विश्वासाची कमतरता वगैरे काही नाही. एलीया संदेष्टा ‘माझा जीव घे’ म्हणून झुडपाखाली निजला, तेव्हा देवाच्या दूतानं त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. बोलणं त्यानंतर झालं (1 राजे 19).

दुसरा आठवडा : 3:1-12

याकोब इथे जिभेची तुलना तीन गोष्टींशी करतो : लगाम, सुकाणू, ठिणगी. तिन्ही लहान वस्तू आणि तिन्हींचा परिणाम मोठा. भांडणात सुकाणू म्हणजे आपलं पहिलं वाक्य. ते कसं निघालं यावर पुढचा अर्धा तास ठरतो, म्हणून सगळा सराव पहिल्याच वाक्याचा करायचा.

क्रम असा. एक, तोंड बंद ठेवून श्वास पूर्ण सोडा. दोन, स्तोत्र 141 मधल्या तिसऱ्या वचनातली मागणी मनात म्हणा : हे परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारा ठेव. एवढी छोटी प्रार्थना एका श्वासात बसते, आणि तिची गरज का आहे ते याकोब आठव्या वचनात सांगतो : जिभेला वश करणं कोणाही माणसाच्या हातात नाही. तीन, समोरच्यानं जे म्हटलं तेच प्रश्न करून परत विचारा. ‘म्हणजे तुला आज शाळेत जायचंच नाही?’ ‘तुमचं म्हणणं, मी आधी विचारायला हवं होतं?’ आवाज नेहमीपेक्षा थोडा खालीच ठेवा. नीतिसूत्रे 15:1 मध्ये मृदू उत्तरानं राग निवळतो म्हटलं आहे. तिथे सांगितलेलं हे उत्तर आहे, गप्प बसणं नव्हे.

हा क्रम थंड डोक्यानं, एकट्यानं, दिवसातून पाच वेळा मोठ्यानं म्हणून पाहा. सराव न करता ऐन भांडणात तो आठवेल ही अपेक्षा फोल आहे.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे अबोला. ‘बोलायला सावकाश’ याचा अर्थ दोन दिवस न बोलणं असा पुष्कळ घरांत लावला जातो, आणि वर ‘मी तर एक शब्दही बोलले नाही’ याचं समाधानही असतं. अबोल्यात राग शाबूतच असतो, फक्त आवाज नसतो. उठून जावंसं वाटलं तर जरूर जा, पण परत यायची वेळ सांगून जा : ‘मला आत्ता राग आलाय. पंधरा मिनिटांनी बोलू.’ आणि पंधरा मिनिटांनी स्वतःहून परत या. परत न येता दार लावून घेतलं तर पुढच्या वेळी या वाक्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात वहीतल्या ओळी वाढल्यासारख्या दिसतात, त्यानं खचू नका. पूर्वी नजरेतून सुटणारे प्रसंग आता दिसू लागलेले असतात. नारायण वामन टिळकांच्या तापट स्वभावाबद्दल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे; आपण उपासनेत ज्यांची पदं गातो त्यांनाही ही लढाई होती.

तिसरा आठवडा : 4:1-12

तुमच्यात लढाया-भांडणं कशातून येतात, असं याकोब विचारतो आणि उत्तर देतो : तुमच्या आतल्या वासनांतून. आता वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा : मला तेव्हा काय हवं होतं? शांतता, मान, झोप, वेळेवर जेवण, ‘माझंच बरोबर’ हे ऐकणं. यांतल्या बऱ्याच गोष्टी मागण्यात वावगं काही नसतं. आपण त्या मागत नाही, न मिळाल्याची शिक्षा देतो. ‘तुला माझी पर्वाच नाही’ ऐवजी ‘मला अर्धा तास पडू दे, मग तुझं ऐकतो’ एवढं म्हणायला शिकणं हे या आठवड्याचं अर्धं काम.

उरलेलं अर्धं म्हणजे माफी मागणं. इफिसकरांस 4:26 मध्ये राग मनात असताना सूर्य मावळू नये असं सांगितलं आहे. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणजे त्या दिवसाचं त्याच दिवशी मिटवायचं. आपल्या घरांत कौटुंबिक प्रार्थनेची किंवा रोझरीची वेळ ही चांगली सीमा आहे. प्रार्थनेला बसायच्या आधी माफी. मत्तय 5:23-24 मधला क्रमही हाच आहे, आधी भावाशी समेट, मग अर्पण.

माफीचं वाक्य तीन तुकड्यांचं असावं : काय केलं, ते चुकीचं होतं, माफ कर. ‘मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. ते चुकलं. मला माफ कर.’ यापुढे ‘पण’ लावायचा नाही. ‘माफ कर, पण तूही ऐकत नाहीस ना’ म्हटलं की माफीचा आरोप होतो. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हेही नको, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. मुलांची माफी मागितल्यानं आईबापांचा धाक जातो, ही भीती निराधार आहे. मुलाची चूक असेल तर तिचं बोलणं वेगळ्या वेळी, निदान तासाभरानं करा. आणि समोरच्यानं लगेच ‘असू दे’ म्हणावं म्हणून थांबून राहू नका, त्यालाही त्याचा वेळ लागतो.

कौटुंबिक प्रार्थनेबद्दलच आणखी एक. ‘प्रभू, आमच्या बाळाला आईचं ऐकायची बुद्धी दे’ असं त्याच्या देखत मोठ्यानं म्हणणं म्हणजे डोळे मिटून रागावणं. मुलं हे बरोबर ओळखतात आणि प्रार्थनेलाच कंटाळतात. मोठ्यानं प्रार्थना करताना कबुली स्वतःची द्यावी. दुसऱ्यासाठीची विनंती खोलीत एकट्यानं करावी.

चौथा आठवडा : 5:7-11

या पाच वचनांत मूळ भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. सातव्या-आठव्या वचनांत ‘माक्रोथुमिया’ या शब्दाचं रूप येतं, म्हणजे लांब मनाचा असणं, लवकर न भडकणं. अकराव्यात, सर्वस्व गमावूनही टिकून राहिलेल्या ईयोबाबद्दल ‘हुपोमोने’ येतो, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. पहिला बहुतेक वेळा माणसांबाबत लागतो, दुसरा परिस्थितीबाबत. आजारपण, बेकारी, लग्न न जमणं, म्हाताऱ्या आईवडिलांची वर्षानुवर्षं सेवा, अशा ओझ्यांना पाच सेकंदांचा उपाय पुरत नाही.

याकोबानं दिलेला शेतकरी पॅलेस्टाइनचा. तिथे पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीसाठी येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरायला. मृगाकडे डोळे लावणाऱ्या आपल्या वाचकांनी तिथे रब्बीचं शेत डोळ्यांसमोर आणावं. तो शेतकरी नांगरतो, पेरतो. पाऊस तेवढा त्याच्या हातात नसतो. वहीच्या एका पानावर उभी रेघ मारा. डावीकडे ‘माझ्या हातात’, उजवीकडे ‘पाऊस’. सासऱ्यांचं पथ्य, औषधाची वेळ, त्यांच्याशी बोलण्याचा सूर डावीकडे. त्यांचं बरं होणं, त्यांनी कौतुक करणं उजवीकडे. डावीकडचं रोज करायचं, उजवीकडचं रोज देवाला सांगायचं. उजवीकडचं आपण करायला गेलो की चिडचिड सुरू होते.

देवाला सांगताना तक्रारीचा सूर आला तरी चालतो. ईयोब गप्प बसला नव्हता. स्तोत्र 13 च्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा आहे, आणि स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं. नवव्या वचनात याकोब एकमेकांविरुद्ध कुरकुर करायला मना करतो. देवापुढे रडलेला माणूस घरच्यांवर कमी ओरडतो. म्हणून या आठवड्यात रोज स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा, सहाच वचनं आहेत.

ज्या घरात मारहाण होते, तिथे ‘सहन कर, देव बदलेल’ हा सल्ला कोणी देऊ नये. याच पाचव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात मजुरांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते आहे. अन्यायापुढे गप्प राहा असं हे पत्र शिकवत नाही. जीव आणि मुलं आधी सुरक्षित जागी न्या, मंडळीतल्या विश्वासू माणसाला सांगा, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीच्या वेळी 112 या क्रमांकांवर फोन करा.

अठ्ठाविसाव्या दिवशी वही पुन्हा वाचा. ओरडण्याचे प्रसंग शून्यावर आलेले नसतील. पाहायचं आहे ते वेगळं : ओरडणं आणि माफी यांतलं अंतर किती कमी झालं, आणि पहिलं वाक्य बदललं का. दोन्हींत फरक दिसत नसेल तर दुसरा आठवडा पुन्हा करा, माणूस तोच ठेवून. फरक दिसत असेल तर दुसरं नाव ठरवा. जुनी पानं मात्र फाडून टाका. घरात कोणाच्या हाती लागली तर ती वाक्यं पुन्हा एकदा ऐकवल्यासारखी होतात.