दीर्घ आजारानंतर माणूस आठवायचा कसा

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. त्याआधीची अकरा वर्षं पार्किन्सन्सची, म्हणजे कंपवाताची. सुरुवातीला डोळे मिटले की शेवटचे तीन महिनेच समोर यायचे. पाणी दाटसर करून चमच्याने पाजायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, गोळीची वेळ चुकली की अंग लाकडासारखं ताठ. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारातलं एवढंच कसं उरलं, म्हणून स्वतःचाच राग यायचा. धाकटीने मग सांगितलं की यात माझं काही चुकत नाहीये. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ साली रुग्णांवर पाहिलं होतं, की त्रासदायक तपासणीची आठवण ती किती वेळ चालली यावर फारशी ठरत नाही. सगळ्यात वाईट क्षण आणि शेवट, या दोन गोष्टी ती ठरवतात. म्हणजे मधली वर्षं मुद्दाम शोधून आणायची. मी कशी आणली ते सांगते.

आधी फोन बघा, आणि यात चालढकल नको. नंबर बंद केला की काही काळाने तो दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातंही साधारण १२० दिवस वापरात नसलं की काढून टाकतात. त्यातले आवाजी निरोप उतरवून घ्या. एक प्रत घरात, एक दुसऱ्या कोणाच्या घरी. या आजारात आवाजही बसत जातो. ह्यांचे शेवटच्या दोन वर्षांतले निरोप म्हणजे नुसती कुजबुज. म्हणून मी जुने व्हिडिओ काढून बसले. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात असल्यामुळे हे कुठेच दिसत नाहीत, पण मागून हुकूम सुटतायत: "डावीकडे सरका. अजून. अहो तुम्ही नाही, खांबाजवळचे!" त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही. तेवढाच तुकडा लावत बसले.

फोटोंचं थोडक्यात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. लहान फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) करा, म्हणजे मोठे करून बघता येतात. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेन दाबून लिहिलं की वळ पुढून दिसतो.

आजारपणाचं काय करायचं, यावरून आमच्याकडे खटके उडाले. मोठी म्हणाली, "आई, बाबांच्या आठवणींत ते नको." मला पटलं नाही. अकरा वर्षं काय हे घरात नव्हतेच? शेवटी मी वेगळी वही केली. औषधांच्या वेळा, माझी चिडचिड, एकदा मी त्यांच्यावर ओरडले ते, सगळं त्यात आहे. हे गेले त्या पहाटे मला आधी गाढ झोप लागली आणि रडू नंतर आलं, तेही लिहिलंय. सुटल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं शुश्रूषा केलेल्या अनेकांना वाटतं, फक्त कोणी बोलत नाही. ती वही कोणाला दाखवायची सक्ती नाही. माझी कपाटात आहे.

दुसरी वही सगळ्यांची. त्यासाठी नातेवाइकांना, जुन्या सोबत्यांना विचारा, पण "ते कसे होते?" असं नका विचारू. लोक "देवमाणूस" म्हणून मोकळे होतात. चिडायचे कशावर, तुमच्याकडे आले की कुठे बसायचे, तुमचं काय त्यांच्याकडे राहिलंय, असं विचारा. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की ह्यांनी पेन उसनं नेलं की परत देताना त्यात नवी रिफिल असायची. मला हे ठाऊकच नव्हतं. मी स्वतः पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा "प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख" असं लिहून ठेवलं होतं. हसतमुख! हा माणूस लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेला नाही. खोडलं.

नातवंडांसाठी मात्र वही पुरत नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी सहसा आठवत नाही, त्यामुळे अडीच वर्षांच्या धाकट्याला आजोबा ऐकूनच कळणार. आठ वर्षांच्या थोरल्याला आठवतात ते खुर्चीतले आजोबा. त्याच्यापुढे मी ह्यांची हत्यारांची पेटी ठेवली. आत पंधरा-वीस डब्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. पहिलीच त्याने मोठ्याने वाचली: "चुका, पाऊण इंची. आजी, आजोबांनी चुका डबीत भरून ठेवल्यात?" मी म्हटलं, मोठ्या चुका खालच्या कप्प्यात आहेत. बारीक खिळ्यांना चुका म्हणतात हे कळल्यावर तो हसत सुटला, आणि मीही.

मग त्याने डब्या ओळीने मांडल्या. जुन्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर टपोरं, पुढे बारीक, आणखी बारीक. "कागद संपत आला होता का?" मी त्याला सांगितलं की या आजारात अक्षर असं लहान होत जातं. ह्यांचं तर हात थरथरायच्या आधीपासून झालं होतं, आणि आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याने भिंग आणलं. शेवटच्या डबीवरचं भिंगातूनही लागेना. झाकण उघडलं तर रबरी वॉशर. नवीन चिठ्ठी चिकटवायला तो जुनी नखाने खरवडू लागला, तेव्हा म्हटलं, ती राहू दे, तू खाली लिही.