कुठली गाय ठेवायची, कुठली काढायची

आमचं गाव संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठाला. गोठ्यात आज ११ जनावरं आहेत: सात दुभती, दोन आटवलेल्या (विण्याआधी दूध काढणं थांबवलेल्या), दोन कालवडी. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन गाई होत्या. मध्यंतरी चढत चढत १९ वर गेलो आणि तिथून मुद्दाम खाली उतरलो. चारा-औषधांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. गाय विकायची म्हटलं की घरात जी धुसफूस होते, तिच्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

आधी घरातले हात मोजा. १९ जनावरं होती त्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, धाकटे दीर चाकणला कंपनीत. आमचे हे एकटेच पहाटे चारपासून राबत होते. मदतीला रोजाने एक पोरगा लावला. तो मशीनचे कप चढवून फोनवर बोलत बसायचा. दूध संपलं तरी कप तसेच. आठ दिवसांत दोन गाईंना दगडी (कासेची सूज) झाली आणि एकीचा मागचा डावा सड कायमचा गेला. तेव्हापासून घरातलं एक माणूस आठ दिवस अंथरुणाला खिळलं, तरी दोन्ही वेळच्या धारा वेळेवर निघतील एवढीच जनावरं ठेवतो. आमच्या घराचा तो आकडा ११ निघाला. तुमचा सहा निघेल, नाहीतर पंचवीस.

दुसरं, वही. मोबाइलवरचं ॲप आम्ही दोन महिने वापरून सोडलं, कारण शेणाच्या हाताने कोण लिहिणार? आता मशीनच्या खुंटीला दोनशे पानी वही टांगलेली आहे, सुतळीला पेन. एका गाईला दोन पानं. व्यायल्याची तारीख, माजावर आल्याची तारीख, भरवल्याची (रेतन केल्याची) तारीख, कुठलं सीमेन, औषध काय दिलं, एवढंच. दूध रोज मोजत नाही. डेअरीचा दहा दिवसांचा पगार निघतो त्या दिवशी प्रत्येकीचं दोन्ही वेळचं दूध काट्यावर घ्यायचं आणि दहाने गुणून लिहायचं. थोडं इकडेतिकडे होतं, पण गाय कळते.

आता चंद्रीची गोष्ट. ताजी व्यायली की २२ लिटर. पाहुणे आले की हे आधी तिच्यापाशी न्यायचे. शेवंता १५ च्या वर कधी गेली नाही, म्हणून तिला वर्षभर विकायला काढलेलं. एकदा रात्री वही घेऊन बसले आणि दोघींचं अख्ख्या वेताचं (व्यायल्यापासून आटेपर्यंतचं) दूध बेरजेला धरलं. चंद्रीने वेतात ४६०० लिटर दिलं, शेवंताने ३४००. पण चंद्री पुन्हा व्यायला १९ महिने लागले, शेवंताला १३. व्यायल्यापासून पुढच्या व्यायल्यापर्यंतच्या दिवसांनी भागलं तर चंद्री दिवसाला आठ लिटरलासुद्धा भरली नाही आणि शेवंता साडेआठच्या वर गेली. शिवाय चंद्रीने भाकडपणी खाल्लेली वैरण वेगळीच. ह्यांनी दोनदा कॅल्क्युलेटर दाबून पाहिला आणि काही न बोलता झोपायला गेले.

म्हणून बादलीकडे बघून गाय ठरवू नका, दोन वेतांमधलं अंतर बघा. गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. त्यात आपण काही करू शकत नाही. व्यायल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचे दिवस मात्र बरेचसे आपल्या हातात असतात. माज २१ दिवसांनी येतो. एक माज नजरेतून सुटला की तीन आठवड्यांची वैरण फुकट.

आणि माज सुटतो तो आपण झोपलेलो असतो म्हणून. होल्स्टीन संकरित गाई, त्यातून उन्हाळ्यात, दिवसा माज दाखवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. मी रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वीस मिनिटं मुक्त गोठ्याच्या कडेला बादली पालथी घालून बसते. सगळ्या बसून रवंथ करत असतात. एखादीच उभी असते, कान हलवते, दुसरीच्या पाठीवर हनुवटी टेकवते. दुसरीने अंगावर उडी घेतल्यावर जी हलत नाही, ती माजावर. शेपटी उचलून पाहायची. काचेसारखा स्वच्छ सोट (चिकट स्राव) लोंबत असेल तर सकाळी लवकर भरवायची. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी. सोट पांढुरका, पुवासारखा असेल तर भरवण्याचे पैसे घालवू नका, आधी गर्भपिशवीचा इलाज करा.

तीनदा भरवून उलटली (गाभण राहिली नाही) की चौथ्यांदा भरवायची नाही, डॉक्टरांकडून तपासून घ्यायची. इथेच आमच्या घरात भांडण झालं होतं. गौरी सासूबाईंच्या हातची, घरीच कालवडीपासून वाढलेली. चार वेळा उलटली, प्रत्येक वेळी ‘या खेपेला राहील’. तपासलं तेव्हा कळलं, व्यायल्यावर वार (झार) अडकली होती ती आम्ही ओढून काढलेली, आतली सूज तेव्हापासून होती. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. वाराला वीट बांधणं, ओढणं, असले उद्योग करू नका. गौरी शेवटी राहिली, पण वीस महिन्यांनी.

विकायचं ठरलं तर वेळ महत्त्वाची. सातवा-आठवा महिना लागलेली नाहीतर ताजी व्यायलेली गाय पैसे करून देते. आटलेली आणि गाभणही नसलेली गाय कोणी दारात बघायला येत नाही. २०१५ च्या कायद्यानंतर गाईबरोबर बैल-गोऱ्ह्यांच्याही कत्तलीवर राज्यात बंदी आली, त्यामुळे न चालणारं जनावर म्हातारपणापर्यंत आपल्याच दावणीला किंवा पांजरपोळात, हे धरूनच चालायचं. दुधावर असतानाच निर्णय घ्या. दोष असेल तो सांगून विका. आम्ही चंद्री गाभण असताना विकली, तेव्हा वहीची दोन्ही पानं घेणाऱ्यापुढे ठेवली. दहा हजार कमी आले. तो माणूस आजही आमच्याच डेअरीला दूध घालतो आणि रोज समोर येतो.

गोऱ्ह्याचाही प्रश्न त्यातलाच. संकरित गोऱ्हा औताला कोणाला नको. आम्ही आता कालवडींना पहिल्या वेताला फक्त कालवडी होणारं सीमेन भरतो. शंभरात नव्वद कालवडी होतात. डोस महाग पडतो आणि गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं, म्हणून उलटणाऱ्या गाईवर तो खर्च करायचा नाही. कालवडही वयाकडे बघून भरवू नका. अडीचशे किलो भरली का बघा. छातीचा घेर मोजायची फीत मिळते, तिने वजनाचा अंदाज येतो.

बाजारातून गाय आणणं आम्ही जवळजवळ बंद केलंय. एकदा काष्टीच्या बाजारातून ८५ हजारांची आणली. कास अशी टम्म की सड बाहेरच्या बाजूला फाकलेले. घरी तिसऱ्या धारेला पाच लिटर. एक वेळची धार राखून, तुंबवून बाजारात उभी केलेली. आणायचीच असेल तर विकणाऱ्याच्या गोठ्यावर जा, एका संध्याकाळी समोर धार काढायला लावा, मुक्काम करा किंवा पहाटे परत जा, आणि दुसरी धारही बघा. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या. काळ्यावर गाठी लगेच दिसतात. दात बघा. दात जुळले (सगळे कायमचे दात आले) असतील तर ‘दुसऱ्या वेताची’ म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करायचा. नवीन जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. २०२२ च्या लंपी त्वचारोगाच्या साथीत हे आमच्या आळीला चांगलंच कळलं.

वैरणीचा हिशेब दिवाळीत करायचा, मार्चमध्ये नाही. सात दुभत्या, प्रत्येकी १५ किलो मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), २०० दिवस, म्हणजे २१ टन. आमच्या रानात मका एकरी पंधरा-सोळा टन निघतो, म्हणजे दीड एकर मका त्यासाठीच. दाणा दुधातून पिठूळ व्हायला लागला की कापणी, कुट्टी बारीक, आणि पिशवीत तुडवून हवा काढणं. दीड महिन्याने उघडल्यावर आंबूस-गोड वास आला पाहिजे. उंदरांनी पिशवीला भोक पाडलं की आत पांढरी बुरशी धरते. ती खोऱ्याने उकिरड्यावर. ‘थोडीशीच आहे’ म्हणून गाभण गाईला घालू नका. मुरघास कमी पडणार असेल तर तेवढी एक गाय दिवाळीतच काढा. ऊसतोड सुरू झाली की वाढं (उसाचे शेंडे) स्वस्त मिळतं म्हणून आपल्याकडे सगळे त्यावर तुटून पडतात. पण नुसत्या वाढ्यावर गाय कॅल्शियमला मार खाते. बरोबर लसूणघास आणि खनिज मिश्रण हवंच.

गाय गेली त्या दिवशीची कामं थोडी आहेत. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर घेणाऱ्याच्या नावावर चढवून घ्या, दवाखान्यात होतं. लाळ्या-खुरकुताची लस कधी दिली ते चिठ्ठीवर लिहून द्या. दावं आम्ही देत नाही, सासूबाई सोडून घेतात आणि खुंटीला अडकवतात. कुट्टीचं आणि गोळी पेंडीचं एकेक पोतं मात्र टेंपोत टाकून देते आणि सांगते: तुमच्याकडचं खाद्य एकदम सुरू करू नका, आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत न्या, आणि पहिल्या दिवशी दूध निम्म्यावर आलं तर मला शिव्या देण्याआधी तिला पाणी दाखवा.