स्टॉर्मट्रूपरचं चिलखत बांधताय? या चुका टाळा

‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला स्टॉर्मट्रूपर, म्हणजे पांढऱ्या चिलखतातला शिपाई, वेशभूषेसाठी सोपा वाटतो. चेहरा दिसत नाही, मेकअप नको, विग नको. पांढरे तुकडे जोडायचे आणि अंगावर चढवायचे. पण कॉमिक कॉनच्या, म्हणजे चाहते असे वेश करून येतात त्या मेळाव्याच्या गर्दीत चार-पाच ट्रूपर शेजारी शेजारी उभे राहिले की त्यातला अचूक कुठला आणि ‘चालून जाईल’ असा कुठला, हे जाणकाराला लांबूनच कळतं. हा फरक पैशांचा नसतो. महागाचं किट आणून वाया घालवलेली चिलखतं कमी नाहीत. चुका ठरलेल्या असतात, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या चुका पहिला तुकडा कापायच्या आधीच झालेल्या असतात.

कुठला ट्रूपर?

नवख्याला हा प्रश्न विचारला की तो बुचकळ्यात पडतो. ट्रूपर म्हणजे ट्रूपर, त्यात कुठला काय? पण 1977, 1980 आणि 1983 या तीन चित्रपटांतले ट्रूपर एकसारखे नाहीत. एकट्या 1977 च्या चित्रपटातच दोन तऱ्हेची हेल्मेटं आहेत: कॅमेऱ्याच्या जवळ येणाऱ्यांसाठी ‘हीरो’ आणि बाकी पळापळीसाठी ‘स्टंट’. हीरोच्या डोळ्यांना बाहेर फुगलेल्या काचा, स्टंटला सपाट. हनुवटीशेजारच्या नळ्यांवरचे निळे पट्टे पहिल्या चित्रपटात हाताने रंगवलेले होते. 1983 पर्यंत त्यांच्या जागी स्टिकर आले. ट्युनिशियाच्या वाळवंटात दिसणारे सँडट्रूपर आणखी निराळे. त्यांच्या एका खांद्यावर रंगीत पॅड, पाठीवर मोठं ओझं आणि अंगभर धूळ.

घोळ होतो तो इंटरनेटवरून ढीगभर फोटो उतरवून त्यांची खिचडी करण्यात. हेल्मेट हीरोचं, पट्टे 1983 चे, खांद्यावर सँडट्रूपरचं पॅड आणि हातात अलीकडच्या मालिकेतली बंदूक. एकेक भाग सुटा पाहिला तर बरोबर, पण सगळं मिळून जो शिपाई उभा राहतो तो पडद्यावर कधी आलेलाच नाही. याच चित्रपटांतला खलनायक डार्थ व्हेडर करणारेही इथेच फसतात. 1977 च्या व्हेडरचा मुखवटा काळा आणि गनमेटल करडा अशा दोन छटांत रंगवलेला आहे आणि आतला झगा खांद्याच्या चिलखतावरून खाली येतो. पुढच्या चित्रपटात तो चिलखताच्या खालून जातो. बाजारातले मुखवटे मात्र सरसकट काळेकुळकुळीत.

म्हणून आधी एक चित्रपट आणि एक प्रकार पक्का करा आणि बाकीचे फोटो फोल्डरमधून उडवून टाका. खेळणी, व्हिडिओ गेम आणि पोस्टर यांना संदर्भ मानू नका. प्रदर्शनातल्या पुतळ्यांचे फोटोही जपून वापरा, कारण पुतळ्यावर तुकडे चढवताना कधीकधी डाव्याचं उजवीकडे जातं. सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे 501 व्या लिजनच्या याद्या. 1997 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात अल्बिन जॉन्सन यांनी सुरू केलेली ही चाहत्यांची संघटना प्रत्येक पोशाखाची भागवार नोंद ठेवते: सांधा कुठे, पट्टी किती रुंद, रंग कुठला. सभासद व्हायचं नसलं तरी काम करताना ती यादी समोर उघडी असू द्या.

दोन्ही बाजू सारख्या करण्याचा हट्ट

चिलखताचे मूळ भाग ब्रायन म्यूर यांनी मातीत हाताने घडवले. अँड्र्यू एन्सवर्थ यांनी लंडनमधल्या ट्विकेनहॅममध्ये व्हॅक्यूम फॉर्मिंगने ते प्लास्टिकमध्ये उतरवले, म्हणजे तापवलेली शीट साच्यावर टाकायची आणि खालची हवा ओढून घ्यायची. हेल्मेटही याच पद्धतीने झालं. याच हेल्मेटवरून चित्रपट बनवणारी कंपनी लुकासफिल्म आणि एन्सवर्थ यांचं भांडण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2011 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हे हेल्मेट शिल्प नव्हे, ती चित्रपटात वापरायची वस्तू आहे. कायद्याने शिल्प नसेल, पण घडवलं ते हातानेच, आणि ते दिसतं. मूळ हेल्मेटच्या डाव्या-उजव्या बाजू जुळत नाहीत. डोळ्यांचा आकार थोडा वेगळा, तोंडाची रेघ किंचित तिरकी.

थ्रीडी प्रिंटवाल्यांची चूक इथे होते. सॉफ्टवेअरमध्ये अर्धा चेहरा घ्यायचा, मिरर करायचा आणि प्रिंट द्यायची. हेल्मेट गुळगुळीत, नीटनेटकं येतं आणि खेळण्यासारखं दिसतं. फाइल घेताना मधोमध उभी रेघ ओढून पाहा. दोन्ही बाजू तंतोतंत जुळत असतील तर ती फाइल 1977 च्या ट्रूपरसाठी निरुपयोगी. कान बसवतानाही तेच. ते एका पातळीत आणण्यासाठी पट्टी घेऊन बसू नका.

प्लास्टिक

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. एबीएस नावाच्या पांढऱ्या प्लास्टिकचं, साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या शीटमधून काढलेलं किट घ्या. स्वस्त किट बऱ्याचदा हिप्स नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचं असतं. ते लवकर तडकतं. किट परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आधीच हिशोबात धरा.

प्रिंट करणार असाल तर एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. पीएलए हे प्रिंटसाठी वापरलं जाणारं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमधल्या दुपारी उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. मागच्या सीटवर ठेवलेलं हेल्मेट संध्याकाळी एका बाजूने बसलेलं मिळू शकतं. पीईटीजी जास्त उष्णता सोसतं, एबीएस त्याहून जास्त.

कापण्याची घाई

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

किटमधला प्रत्येक तुकडा कडेला जास्तीचं प्लास्टिक घेऊन येतो. दंड, मनगट, मांडी, नडगी हे सगळे भाग आतला आणि बाहेरचा अशा दोन अर्ध्यांत असतात. हे अर्धे एकमेकांवर चढवून चिकटवायचे नसतात. कडेला कड भिडवायची आणि सांध्यावर वरून पट्टी लावायची. पुढच्या बाजूची पट्टी हातांना 15 मिलिमीटर आणि पायांना 20 मिलिमीटर रुंद असते. तुकड्याच्या पुढच्या कडेजवळ एक उभा उंचवटा दिसेल. उंचवट्यापासून कडेपर्यंत पट्टीच्या निम्मी सपाट जागा उरली पाहिजे: हातांना साडेसात मिलिमीटर, पायांना दहा. म्हणजे दोन्ही अर्धे भिडले की मधे पट्टीला बरोबर तेवढीच जागा मिळते. नवखा माणूस पेन्सिल उंचवट्याला टेकवून थेट तिथेच कापतो. मग पट्टी बसायला जागाच उरत नाही, ती उंचवट्यावर चढते आणि कडेने उचलली जाते. यावर इलाज नाही. नवा तुकडा मागवावा लागतो.

घेर कमी करायचा तो नेहमी मागच्या सांध्यातून, पुढचा सांधा मापाप्रमाणे ठेवून. आपल्याकडच्या सडपातळ मुलांना मांडीचे तुकडे हमखास ढगळ होतात आणि मग पुढूनच कापायचा मोह होतो. उंची कमी असेल तर मांडीचा तुकडा वरच्या कडेने कापा. उजव्या मांडीच्या खालच्या कडेला दारूगोळ्याच्या डब्यांची पट्टी बसते, ती कड शाबूत हवी. आणि चौकोनी नक्षीचं गुडघ्याचं कवच डाव्या पायाला असतं. हे लिहायची वेळ यावी इतक्या वेळा ते उजव्या पायावर पाहिलंय.

कापण्याची पद्धत अशी. सरळ रेषेवर कटरने दोन-तीनदा हलकेच चरा पाडा, मग तुकडा वाकवा. तो चऱ्यावरून कडकन सुटतो. एका दमात आरपार कापायला गेलात तर पातं घसरतं आणि पांढऱ्या चकचकीत भागावर ओरखडा उठतो. वळणांना रिमोटच्या गाड्यांच्या बॉडी कापायची वाकडी कात्री उत्तम. आणि प्रत्येक काप द्यायच्या आधी तुकडे मास्किंग टेपने जोडून, आतला काळा सूट घालून अंगावर बघा. उघड्या अंगावर घेतलेलं माप आणि सूटवरचं माप यात फरक पडतो.

चिकटवताना

फेविक्विकला हात लावू नका. झटपट चिकटतं, पण सांधा ठिसूळ होतो, आणि चालताना चिलखत सतत लवतं, त्यामुळे तो नेमका गर्दीत सुटतो. दोन नळ्यांचं इपॉक्सी सुटत नाही, पण चूक झाली तर उकलताही येत नाही. अनुभवी लोक ई-6000 नावाचं चिकटद्रव्य वापरतात. वाळल्यावर ते रबरासारखं लवचिक राहतं आणि पट्टी वाकडी बसली असेल तर ओढून काढता येते. अट एकच, धीर धरायचा. किमान चोवीस तास क्लॅम्प किंवा आतून-बाहेरून लावलेले छोटे चुंबक हलवायचे नाहीत. पूर्ण ताकद यायला तीन दिवस जातात. ‘उद्या इव्हेंट आहे’ म्हणून आज रात्री चिकटवलेलं चिलखत उद्या घालू नका. काम खिडक्या उघड्या ठेवून करा, वास डोक्यात जातो.

रंग

एबीएस मुळातच पांढरं आणि चकचकीत असतं, त्यावर पांढरा स्प्रे मारायचं काही कारण नाही. मारला तर सांध्यांपाशी टवके उडतात. रंग लागतो तो फक्त बारकाव्यांना. 1977 च्या स्टंटसाठी हंब्रोलचे एनॅमल रंग प्रमाण मानले जातात: पट्ट्यांना फ्रेंच ब्लू म्हणजे 14 नंबर, करड्याला 5 आणि काळ्याला 85. एनॅमलचा फायदा असा की हात हलला तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येतो आणि प्लास्टिकला धक्का लागत नाही. इथे लॅकर थिनर वापरलात तर रंगाबरोबर एबीएसही विरघळेल.

पट्टे सुबक यावेत म्हणून स्टेन्सिल लावून कडा धारदार करणारे आहेत. हाताने काढलेल्या पट्ट्याची थोडी थरथर इथे अचूकपणात धरली जाते, ती पुसू नका. बंदूक किंवा इतर प्रॉपवर क्लिअर कोट मारायचा असेल तर पावसाळ्यात दिवस बघून मारा. दमट हवेत तो दुधाळ होतो आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते.

अंगावर चढवल्यावर

आरशासमोर उभं राहून झकास दिसलेलं चिलखत चार पायऱ्या चढताना विस्कटतं. कारण तुकडे अंगाला बांधून ठेवणारे आतले पट्टे. वेल्क्रो चालताना हळूहळू सुटत जातो. नायलॉनच्या पट्टीवर टिचबटण बसवून त्या पट्ट्या आतून चिकटवा आणि मधे रुंद इलॅस्टिक टाका. छाती आणि पोट यांच्यामध्ये काळी फट दिसत असेल तर प्लास्टिक वाढवू नका, खांद्याचा पट्टा आवळा. मांडीचे तुकडे कमरेच्या पट्ट्याला टांगलेले हवेत, नाहीतर ते घसरून गुडघ्यावर बसतात. जांघेत आणि काखेत कडा टोचतात. त्या पॉलिश पेपरने गोल करा. गोल केलेली कड बाहेरून कळत नाही.

हेल्मेटमध्ये हनुवटीपाशी छोटा पंखा बसवला नाही तर मुंबईच्या हवेत काचांवर पाच मिनिटांत धुकं धरतं. चष्मा लागत असेल तर त्या दिवशी लेन्स घाला. ट्रूपरला स्वतःची पावलं दिसत नाहीत, त्यामुळे बरोबर एक साधा माणूस हवाच. पाणी पाजायला, पायऱ्या सांगायला आणि मागून लहान मुलं खेचत असतील तर त्यांना आवरायला.

बंदूक

ट्रूपरच्या हातातली बंदूक, ई-11 ब्लास्टर, मुळात ब्रिटिश स्टर्लिंग सबमशिनगन आहे. तिच्यावर एम-38 रणगाड्याची दुर्बीण, बाजूला हेंग्स्टलर कंपनीचा आकडे मोजणारा काउंटर आणि नळीवर काळ्या रबरी पट्ट्या बसवल्या. मॅगझिन आखूड आणि डाव्या बाजूला, दस्ता दुमडलेला. पट्ट्या सरळ आणि समांतर बसल्या की अर्धी लढाई जिंकली.

तंतोतंत प्रतिकृतीचा तोटा म्हणजे ती खरी वाटते. मेट्रोच्या तपासणीत किंवा स्टेशनवर ती हातात घेऊन जाऊ नका. बंद पिशवीत न्या, नळीच्या तोंडाला नारिंगी टोक लावा आणि आयोजकांचे प्रॉपचे नियम आधी वाचा. पोलिसाला ‘साहेब, प्लास्टिक आहे’ हे समजावून सांगायची वेळ येऊ नये.

आधीच बिघडलंय?

पट्टीच्या बाहेर आलेलं ई-6000 ओलं असताना पुसू नका, ते फासलं जातं. वाळल्यावर बोटाने घासलं की त्याच्या गोळ्या होऊन निघतात. उन्हात पिवळं पडलेलं एबीएस पूर्ववत होत नाही, पण वरवरचं असेल तर कारच्या रबिंग कंपाउंडने बरंच उजळतं. यापुढे चिलखत सावलीत, कापडात गुंडाळून ठेवा. वाकडा झालेला तुकडा खूप गरम पाण्यात बुडवून हाताने वळवता येतो, मात्र जाड हातमोजे घाला आणि एका वेळी थोडाच वळवा. हीट गनने चमक जाते.

तडा गेला असेल तर कापताना उरलेले एबीएसचे तुकडे फेकले नाहीत ना, ते पाहा. ते काचेच्या बाटलीत थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर विरघळवले की दाट पांढरी पेस्ट होते. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. आतून एबीएसची पट्टी चिकटवा आणि बाहेरून पेस्ट भरा. ती वाळताना आत बसते, म्हणून दोन-तीन थर लागतात. मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून पाण्यासह 2000 पर्यंत या आणि शेवटी कंपाउंड मारा. रंग तोच, प्लास्टिक तेच, त्यामुळे जोड शोधावा लागतो.